संकटकाळचं दार

दवाखान्यात पहिल्यांदा येणारा माणूस जरा बिचकतोच. उंबऱ्यात पाऊल टाकलं की समोरून आवाज येतो, "पुढे सरका, पुढे जागा आहे. दारात कुणी थांबायचं नाही." त्या आवाजात अशी काही जरब असते, की तापाने फणफणलेला माणूससुद्धा नकळत खिसा चाचपून तिकिटाचे सुटे पैसे शोधायला लागतो.

आवाजाचे धनी दाराशेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. पांढरे केस चापूनचोपून बसवलेले, शर्टाचं गळ्याजवळचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. त्या खांद्यावर जन्मभर कंडक्टरची चामडी पिशवी लटकली होती. पिशवी डेपोत जमा झाली, खांदा काही वर आला नाही. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. वास्तविक ते मामा फक्त आतल्या डॉक्टरबाईंचे. पण भाची गल्लीची डॉक्टर झाली आणि तिच्यापाठोपाठ मामाही गल्लीचे झाले.

निवृत्त झाल्यावर मामांनी थोडे दिवस घरी बसून पाहिलं. मामींच्या मते ते बसलेच नाहीत. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक बसची वेळ ते मोठ्याने सांगत, आणि बसला उशीर झाला की मामींकडे संशयाने पाहत. एके सकाळी मामी ओट्यापाशी उभ्या असताना मागून "जरा पुढे सरका" असं ऐकू आलं. मामींनी त्याच दिवशी भाचीला निरोप धाडला, की तुझ्या दवाखान्यात एखादी खुर्ची रिकामी असेल तर यांना ठेवून घे. खुर्ची नसेल तर तीही मी पाठवते.

भाचीने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, लवकर गेली. वडील नोकरीपायी गावोगाव. तेव्हापासून ती मामांच्याच घरात वाढली. शाळा सुटली की ती मामांच्या गाडीत चढायची आणि इतरांसारखीच हात पुढे करून "एक हाफ" मागायची. मामा आपल्या खिशातले पैसे काढून पिशवीत टाकायचे आणि तिच्या हातात रीतसर तिकीट ठेवायचे. कुणी हसून म्हणायचं, अहो, भाची ना तुमची? त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "भाची घरी. गाडीत पॅसेंजर." हा नियम दोघांच्याही अंगात इतका मुरलाय, की घरी ती त्यांना अरेतुरे करते आणि ते तिला चिंगी म्हणतात, दवाखान्यात मात्र दोघं एकमेकांना अहोजाहो करतात. नवख्या माणसाला वाटतं, यांचं काहीतरी बिनसलंय.

दवाखान्याचा सगळा कारभार घंटीवर चालतो. डॉक्टरबाईंच्या टेबलावरची घंटी दोनदा वाजली की पुढचा पेशंट आत. एकदाच वाजली तर जो जिथे आहे तिथे थांबला पाहिजे. ही पद्धत कुणी ठरवली वगैरे नाही. पहिल्याच दिवशी भाचीने सहज दोन टोले दिले आणि मामा ताडकन उभे राहिले, एवढंच.

मामांच्या नावावर एकच शौर्यकथा जमा आहे, आणि ती गल्लीत सगळ्यांची ऐकून पाठ झालीय. त्यांच्या मार्गावर एक थांबा असा होता, की गाडी उभी राहिली की तिचं मागचं दार बरोबर डेपोच्या साहेबांच्या फाटकासमोर यायचं. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं त्या दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं. साहेब रोज त्या दाराचा खटका ओढून उतरत. गाडी साहेबांची, दार साहेबांचं, बोलणार कोण? मग साहेबांच्या शेजारचे वकील तिथून उतरायला लागले. वकिलांना पाहून शाळेचे मास्तर, मास्तरांना पाहून पोरं. बघता बघता त्या दारातून उतरणं हा मान होऊन बसला, आणि पुढून उतरेल तो साधा पॅसेंजर. मामांनी बरेच दिवस दातओठ खाल्ले. मग एके दिवशी दारापुढे आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पुढून उतरा."

"माझं रोजचंच आहे हे, आजवर काय बिघडलं?" साहेब म्हणाले. मामा हलले नाहीत. साहेब लालबुंद होऊन पुढून उतरले. आणि त्यानंतर मामांनी तो खटका सहज ओढून पाहिला, तर तो झिजून झिजून नुसताच हातात आला. दार जागचं हललं नाही.

ऐकणारा इथे सरसावून बसतो. आता आग लागणार, नाहीतर गाडी पुलावरून कलंडणार. तसलं काही झालं नाही. नवा खटका बसला, मामांची बदली सगळ्यांत खडबडीत मार्गावर झाली आणि विषय मिटला. मामा सांगतात, आग लागली असती तर फोटो छापून आला असता. लागली नाही, म्हणून कुणाला काही कळलंच नाही.

हा दवाखाना आधी जुन्या डॉक्टरांचा होता. माणूस लाखमोलाचा. त्यांच्या हाताला गुण होता आणि त्यांच्या कपाटात कॅप्सुला होत्या. सर्दी झाली, कॅप्सूल. घसा धरला, कॅप्सूल. नुसतंच कसंतरी होतंय, तरी कॅप्सूल. सगळी अँटिबायोटिकं, पण त्यांतही माणूस बघून फरक. हमालाला साधी पांढरी गोळी, दुकानदाराला दोन रंगांची, आणि बँकेच्या मॅनेजरला चांदीच्या कागदातली, जिचं नाव एका दमात म्हणता येत नसे. गल्लीत कोणाची किती पत आहे, हे त्याच्या उशाशी काय पडलंय त्यावरून कळे. उरलेल्या कॅप्सुला शेजारीपाजारी मोठ्या मनाने वाटल्या जात. जुन्या डॉक्टरांना काय हे समजत नव्हतं? सगळं समजत होतं. पण रिकाम्या हाताने परत गेलेला पेशंट सरळ कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढे, आणि मोठ्या माणसाला साधं औषध दिलं तर तो घरी जाऊन अपमान झाल्यासारखा रुसून बसे.

मग जुने डॉक्टर थकले आणि त्यांच्या खुर्चीत भाची आली. ती घसा बघायची, कान बघायची, छाती पुढून तपासायची, मागून तपासायची, आणि शेवटी सांगायची की आराम करा, मीठपाण्याच्या गुळण्या करा, चार दिवसांत उतरेल. उतरायचंसुद्धा. पण उतरण्यासाठी का कोणी डॉक्टरकडे जातं? बाहेरच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. पोरगी हुशार आहे हो, पण हात आखडता. दुसरं कोणी म्हणे, अजून भीड चेपली नाही, मोठं औषध लिहायला छाती लागते. मामा सगळं ऐकत. गाडीत त्यांनी यापेक्षा वाईट ऐकलं होतं, पण ते स्वतःबद्दल. भाचीबद्दल ऐकलं की गळ्याजवळचं बटण टोचायला लागे. त्यात बाक रोज थोडा थोडा मोकळा होत चाललेला त्यांना दिसत होता. रिकामी गाडी कशी दिसते हे कंडक्टरला कुणी सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मामा बागेतल्या बाकड्यावर जातात. तिथे निवृत्त मंडळींची बैठक असते आणि तिथल्याही जागा ठरलेल्या आहेत. डेपोचे साहेब मधोमध, त्यांच्या एका बाजूला बँकेचे मॅनेजर, आणि मामा अगदी टोकाला, अर्धे बाकड्यावर, अर्धे हवेत. त्या एका वाक्यानंतर साहेबांनी मामांना कधी नावाने हाक मारली नव्हती की कधी काही विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र साहेब खोकत होते. खोकता खोकता टोकाकडे वळून म्हणाले, "काय कंडक्टर, तुझी भाची डॉक्टर आहे म्हणे. तिला म्हणावं, मला ती चांदीच्या कागदातली लिहून दे. जुने डॉक्टर मला तीच देत."

मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबांनी मागावं आणि आपण द्यावं, एवढ्या एका क्षणासाठी त्यांचा तो खांदा जणू इतकी वर्षं वाकून बसला होता. सगळ्या बाकड्यादेखत ते म्हणाले, "उद्या या साहेब. मी आहे ना."

घरी आल्यावर त्यांनी ही बातमी मामींना दोनदा सांगितली. मामींनी एकच विचारलं, की तिला विचारलंत का? विचारायचं काय त्यात, मामा म्हणाले, भाची आहे माझी. "भाची घरी," मामी म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मामांनी खुर्ची पुसून दिली. साहेबांच्या आधी एकाचाच नंबर होता, तो बादलीचा. बादली म्हणजे डेपोत गाड्या धुणारा. हातातली बादली त्याच्या नावालाच चिकटली आणि खरं नाव बहुधा तोही विसरला. भिंतीला टेकून गुमान बसला होता. मामांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. त्याच्यापाशी वाकून म्हणाले, बादली, जरा थांबतोस का रे, साहेबांना घाई आहे. बादलीने मान हलवली. साहेबांसाठी थांबण्याची त्याला सवयच होती.

आतून दोन टोले पडले. साहेब उठले, कोट झटकला, दारापर्यंत पोचले. आणि एक टोला पडला.

सगळं जागच्या जागी थांबलं. भाची स्वतः दारात आली. साहेबांच्या खांद्यावरून तिने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, त्यांना आधी आत आणा. त्यांना श्वास घेताना किती त्रास होतोय, दिसत नाही का तुम्हाला?"

खरंच दिसलं नव्हतं. गर्दीत कोणाला चक्कर येणार आहे हे मामा लांबून ओळखत. आज त्यांची नजर साहेबांच्या कोटावर होती. त्यांनी बादलीला धरून आत नेलं. अंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. उजव्या बाजूला न्यूमोनिया वाटतोय, आजच छातीचा फोटो काढा, मी लिहून देतेय त्या कॅप्सुला बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत, उद्या मला दाखवायला या, आणि आज रात्री दम वाढला तर उद्याची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. बादली चिठ्ठी घेऊन बाहेर आला, आणि चिठ्ठी सगळ्यांना दिसली.

मग साहेब आत गेले. त्यांनाही तिने तितक्याच बारकाईने तपासलं. घसा, कान, छाती, पाठ, बोटाला लावायचं यंत्रसुद्धा. मग म्हणाली, "काका, छाती स्वच्छ आहे." काका म्हटलेलंच साहेबांना पहिल्यांदा लागलं. ती पुढे सांगत होती, की हा खोकला विषाणूचा आहे, त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. आराम करा, गुळण्या करा. ताप चढला किंवा दम लागला तर तडक या. आणि उद्यापासून मीच फोन करून विचारत जाईन.

"ते सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले. "ती चांदीच्या कागदातली लिही. मला नेहमी तीच लागते."

"लागत नव्हती, काका. मिळत होती."

फटीतून मामांना भाचीचा हात दिसत होता. पेन कागदाला टेकलेलं. तिने मान वर केली, दाराकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मामांच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. मग तिने पेन खाली ठेवलं.

साहेब बाहेर आले ते लालबुंद. इतक्या वर्षांनी मामांना तो रंग लगेच ओळखू आला. "गाड्या धुणाऱ्याला कॅप्सूल आणि मला मीठपाणी," साहेब म्हणाले. "कंडक्टर, तुझ्या शब्दाला तुझ्या घरात तरी किंमत आहे का रे?" बाकावरचे सगळे एकदम आपापल्या चपला बघायला लागले. आतून दोन टोले पडले. मामांनी पुढच्या बाईंना आत पाठवलं आणि साहेबांच्या मागोमाग रस्त्यावर आले.

समोरच मेडिकलचं दुकान. मामांनी काही ठरवलं नव्हतं. शब्द दिलेला होता आणि पाय तिकडे वळले. मेडिकलवाला जुना ओळखीचा. साहेबांनी नाव सांगितलं, त्याने डबी खाली काढली आणि चिठ्ठीसाठी हात पुढे केला. चिठ्ठी नाही म्हटल्यावर त्याने मामांकडे पाहिलं. "मामा, तुम्ही म्हणत असाल तर देतो. आपले ओळखीचेच आहेत ना?"

"अरे, माझं रोजचंच आहे हे," साहेब म्हणाले. "आजवर काय बिघडलं?"

मामांचा हात काउंटरवर होता. हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. याच माणसाकडून, याच आवाजात, गाडीच्या मागच्या दारापाशी. तेव्हा ते दारापुढे आडवे उभे होते. आज ते दार उघडून धरायला आले होते. चांदीचा कागद दिव्याखाली चमकत होता. मामांनी हात हळूच मागे घेतला, डबी मेडिकलवाल्याकडे सरकवली, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, पुढून उतरा."

मेडिकलवाल्याला काही कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांनी कोट झटकला. मग दुकानाची पायरी उतरले आणि मागे न बघता, खोकत खोकत, घरी गेले.

संध्याकाळी भाची जेवायला आली. मामा खिडकीत बसून बसच्या वेळा पाहत होते, पण मोठ्याने सांगत नव्हते. मामींनी भाचीला खुणेनेच सांगितलं, की प्रकरण गंभीर आहे. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"मामा, रागावलास?"

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"खरं सांगू? मी लिहिणारच होते ती गोळी. बाहेरचे बोलतात ते मी रोज ऐकते, त्याचं काही वाटत नाही आता. पण दारातून तुझा चेहरा दिसत होता, त्याच्यापायी लिहिणार होते." ती म्हणाली. "दिली असती तर आज कोणाचं काही बिघडलंही नसतं. पण आत्ताच त्या खुर्चीतून बादलीकाका उठून गेले होते. त्यांना जे लिहून दिलं ते त्यांना लागू पडलं पाहिजे ना? मान म्हणून सगळ्यांनीच घेत सुटलं की जंतू सरावतात, मग खरी वेळ येते तेव्हा खटका नुसताच हातात येतो. हे कॉलेजात शिकवलं, पण ते फार नंतर. त्याच्या आधी तुझ्या गाडीत शिकले मी."

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर काहीही नव्हतं. "ही गाडी आज उशिरा आहे," ते म्हणाले.

"डोळे पुसा आधी," आतून मामी म्हणाल्या, "म्हणजे दिसेल."

बादली ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आला, त्यानंतरही येत राहिला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या तोंडावर रंग आला. सगळ्या कॅप्सुला त्याने संपवल्या आणि रिकामं पाकीट मामांना आणून दाखवलं, तपासनिसाला तिकीट दाखवावं तसं. मामांनीही ते उलटसुलट करून पाहिलं आणि मान डोलवून परत दिलं. भाची रोज साहेबांना फोन करत होती. फोन आधी त्यांची बायको घेई. मग साहेब घ्यायला लागले. मग, असं ऐकिवात आहे, की फोनच्या वेळेला ते जवळच घुटमळायला लागले.

बागेतल्या बाकड्यावर मामा काही दिवस गेलेच नाहीत. शेवटी मामींनी त्यांच्या हातात चप्पल दिली. ते गेले आणि नेहमीच्या टोकावर अर्धे बसले. साहेब मधोमध होते, खोकत नव्हते, आणि बोलत होते.

"डॉक्टर असावी तर अशी," साहेब सांगत होते. "मला म्हणाली, काका, तुमची छाती स्वच्छ आहे, तुम्हाला कॅप्सुलेची गरजच नाही. या वयात! बादली माझ्याहून किती लहान, पण त्याला द्यावी लागली. मी नुसत्या गुळण्यांवर उठून बसलो. रोज फोन करते, स्वतः."

बँकेच्या मॅनेजरांचा चेहरा जरा पडला. मग ते घसा साफ करून म्हणाले, की तशी त्यांनाही मागच्या खेपेला तिने काही दिली नव्हती. नुसती वाफ घ्यायला सांगितली होती. तिसऱ्याने सांगितलं, की त्याला तर वाफसुद्धा नाही, फक्त झोपा म्हणाली. मामा ऐकत राहिले. कोणाला किती भारी मिळालं यावर ज्या बाकड्यावर मोठेपण ठरायचं, तिथे आता कोणाला काय मिळालं नाही याची चढाओढ लागली होती. साहेबांना खोडून काढण्यासारखं मामांजवळ पुष्कळ होतं. सगळी गोष्ट तोंडाशी आली होती, मेडिकलच्या पायरीसकट. त्यांनी ती गिळली. आग लागली नव्हती, तेवढं पुरे होतं. आतून छाती भरून आली होती, ती गळ्याजवळचं बटण लावलेलं असल्यामुळे कोणाला दिसली नाही.

साहेबांचं बोलून झालं. त्यांनी टोकाकडे पाहिलं, अर्ध्या हवेत बसलेल्या मामांकडे, आणि आपला कोट आवरून घेतला.

"तिकडे काय लटकलायस रे," साहेब म्हणाले. "पुढे सरक. जागा आहे."